सर्वांसाठी संकेतस्थळ

उत्पन्नाचा दाखला, जमिनीचा उतारा, परीक्षेचा अर्ज किंवा शिष्यवृत्तीची मागणी यांसाठी पूर्वी कचेरीत खेटे घालावे लागत. आता यांपैकी पुष्कळशी कामे शासनाच्या संकेतस्थळांवरून होतात. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा झाला आणि अनेक दाखल्यांसाठी संगणकावरून अर्ज करण्याची सोय झाली. इतर राज्यांतही असे बदल घडले आहेत. थोडक्यात, संकेतस्थळ हे आता कचेरीचे दार झाले आहे.

कचेरीच्या दाराशी उंच पायऱ्या असतील, तर चाकांच्या खुर्चीवरून आलेल्या माणसाची अडचण सर्वांना दिसते. संकेतस्थळावरील पायऱ्या मात्र ज्याला अडत नाहीत त्याला दिसतच नाहीत. शिवाय एखाद्या दुकानाचे संकेतस्थळ वापरणे कठीण वाटले, तर आपण दुसऱ्या दुकानाकडे वळतो. दाखला देणारे शासन एकच असते.

माझ्या परिचयाचे एक अंध गृहस्थ आहेत. ते संगणक सफाईने वापरतात. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी एक आज्ञावली असते. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेली एनव्हीडीए ही अशी आज्ञावली विनामूल्य मिळते. या गृहस्थांनी मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला घेतला. प्रत्येक चौकटीपाशी आवाज येई, “रिकामी चौकट”. ही चौकट नावाची, उत्पन्नाची की बँक खात्याची, हे कळायला मार्ग नव्हता. डोळस माणसाला चौकटीशेजारी छापलेले नाव दिसते; पण ते नाव त्या चौकटीशी जोडल्याची नोंद पानाच्या संकेतलेखनात केलेली नसेल, तर यंत्राला ते समजत नाही. अंदाजाने चौकटी भरत ते शेवटच्या पानावर पोहोचले, तेथे वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहायची होती. ती अक्षरे ऐकण्याची सोय नव्हती. शेजारच्या मुलाला बोलावून आणेपर्यंत मुदत संपली आणि सारा अर्ज पुसला गेला.

दुसऱ्या दिवशी अर्ज त्या मुलानेच भरला. पण त्यासाठी गृहस्थांना आपले उत्पन्न, खाते क्रमांक आणि परवलीचा शब्द त्याला सांगावा लागला. “मुलगा चांगला आहे,” ते म्हणाले, “पण माझा पगार त्याला कशाला कळायला हवा?”

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे ५० लाखांची अडचण दृष्टीची होती. पण प्रश्न एवढ्यांपुरताच नाही. ज्याचा हात थरथरतो त्याला माउसने बारीकशा खुणेवर नेमके टिचकता येत नाही. ज्याला लाल आणि हिरवा रंग वेगळे दिसत नाहीत, त्याला “लाल चौकटी भरणे आवश्यक आहे” ही सूचना निरुपयोगी ठरते. फिकट राखाडी अक्षरे तर चाळिशी लागलेल्या कोणालाही त्रास देतात. माझाही त्यांच्याशी रोजचा झगडा आहे.

मराठीपुरती एक अडचण निराळी सांगायला हवी. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलिखित होत असे. त्या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजीच अक्षरे असतात. ‘कृती देव’ या फाँटमध्ये लिहिलेला ‘कमल’ हा शब्द स्क्रीन रीडरला डी, ई, वाय या तीन अक्षरांचा दिसतो. छापील कागदाचे छायाचित्र काढून ठेवलेल्या शासन निर्णयात तर त्याला अक्षरेच सापडत नाहीत, केवळ एक चित्र सापडते. मजकूर युनिकोडमध्ये असला तरी तो मराठी आहे हे पानाच्या संकेतलेखनात नोंदवावे लागते. नाहीतर हिंदीचा आवाज मराठी वाचू लागतो आणि ‘चमचा’ या शब्दातील दोन्ही च बिघडतात.

या साऱ्यावर उपाय नाहीत असे नाही. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ सालापासून उपलब्ध आहेत. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक इतके प्रमाण असावे, असा नेमकेपणा त्यांत आहे. भारतात शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली आली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ साली निघाली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे. उणीव होती ती सक्तीची. या कायद्याखाली २०१७ साली केलेल्या नियमांतील सुगम्यतेविषयीचा एक नियम केवळ शिफारशीसारखा असून तो मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरवले आणि सक्तीची मानके तयार करण्यास केंद्र शासनाला सांगितले.

३० एप्रिल २०२५ रोजी याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. आम्लहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्ती आणि एक अंध व्यक्ती यांनी दाद मागितली होती. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवा, असे यंत्र सांगते. ज्यांना पापणी मिटताच येत नाही त्यांनी काय करावे? संगणकीय सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि वीस निर्देश दिले.

एखादे संकेतस्थळ कसे आहे याची पहिली चाचणी तुम्हीही करू शकता. माउस बाजूला ठेवा. कळफलकावरील टॅब ही कळ दाबत पुढे पुढे जा. आपण पानावर कोठे आहोत हे दिसते का? प्रत्येक चौकटीपर्यंत आणि शेवटच्या ‘सादर करा’ या बटणापर्यंत पोहोचता येते का? नसेल, तर त्या पानावर दिलेल्या पत्त्यावर कळवावे. पत्रात पानाचे नाव, नेमकी चौकट आणि घडलेला प्रकार लिहावा. “तुमचे संकेतस्थळ चालत नाही” एवढ्यावरून दुरुस्ती करणाऱ्याला काहीच कळत नाही.

वर उल्लेखिलेल्या गृहस्थांनी असेच एक तपशीलवार पत्र पाठवले होते. पुढच्या वर्षी चौकटींना नावे आली. वेडीवाकडी अक्षरे मात्र तशीच होती, आणि मुलाला पुन्हा बोलवावे लागले. पण या खेपेस केवळ तेवढी अक्षरे वाचण्यापुरते.