धुळीच्या वादळानंतर मुलांच्या खोलीची निगा

वळवाच्या पावसापूर्वीं उठणारी वावटळ आमच्या शेतकरी बांधवांस नवी नाहीं. परंतु २३ जानेवारी २०२२ रोजीं, भर हिवाळ्यांत, पाकिस्तानाकडून निघालेली धूळ गुजराथेवरून मुंबईपर्यंत आली आणि उभ्या मोटारींवर पांढरट थर बसला. १३ मे २०२४ रोजींही मुंबईनें पावसाआधीं असाच धुरळा पाहिला. महसूल खात्यांत असतां आम्हीं वादळाचे पुष्कळ पंचनामे लिहिले. त्यांत उडालेले पत्रे, गळालेला आंबा, खचलेल्या भिंती, सर्व येई. तान्हें मूल निजतें त्या खोलीसाठीं मात्र रकाना नसे. म्हणून तो विषय येथें घेत आहों.

धुळीचे सर्व कण सारखे नसतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दहा मायक्रॉनचा कण शांत हवेंत छतापासून जमिनीपर्यंत कांहीं मिनिटांत उतरतो. दोन मायक्रॉनच्या कणास तेवढ्याच अंतरास दोन-तीन तास लागतात. मोठे कण बहुधा नाकाघशांत अडकतात, बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. अडीच मायक्रॉन व त्याहून बारीक कणांसाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटर हवेस १५ मायक्रोग्रॅम ठरविली. आपल्या देशांत २००९ सालीं ती ६० ठरली होती. मूल वजनाच्या मानानें मोठ्या माणसापेक्षां अधिक हवा घेतें, जमिनीलगत रांगतें आणि हात तोंडांत घालतें. शिवारांत नुकतीच फवारणी झाली असेल, तर मातीबरोबर औषधाचा अंशही घरांत येतो.

वादळ शमतांच घरोघर केरसुणी हातीं घेतली जाते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं आपण तिला हळदकुंकू वाहतों, तें योग्यच. पण या प्रसंगीं तिला कोपऱ्यांतच राहूं द्यावें. कोरडें झाडल्यानें नुकती बसूं लागलेली धूळ पुन्हां उठते, आणि मूल निजावयास येतें तेव्हां ती हवेंतच असते. छताचा पंखा लावल्यानेंही तेंच होतें.

वारा पडेपर्यंत खिडक्या बंद असाव्या. नंतर त्या उघडून दोन-तीन तास खोलीस हात लावूं नये, व मुलास दुसऱ्या खोलींत ठेवावें. काम करणाऱ्यानें नाकातोंडावर एन-९५ जातीचा मुखपट्टा बांधावा. आपला नेहमीचा पंचा मोठे कण अडवितो, बारीक नव्हे. दोन बादल्या घ्याव्या, एकींत थोडा साबण घातलेलें पाणी, दुसरींत स्वच्छ. साबणामुळें पाणी धुळीस चटकन भिजवितें. पाणी गढूळ होतांच बदलावें, नाहीं तर धूळ केवळ एका फळीवरून दुसरीवर जाते.

काम वरून खालीं करावें. पंख्याचें बटन व खोलीचा मुख्य स्विच बंद करून प्रत्येक पात्यावर जुना ओलसर अभ्रा चढवून मागें ओढावा, म्हणजे धूळ अभ्र्यांतच राहते. मग फळ्या, दारांच्या वरच्या कडा, खिडकीचे गज, पाळण्याच्या दोऱ्या. गादी-गोधड्या अंगणांत वाऱ्याकडे पाठ करून झटकाव्या व उन्हांत घालाव्या. झोळीचें कापड व अभ्रे धुवावे. चावण्याचीं खेळणीं साबणाच्या पाण्यांत धुवून कोरडीं करावीं. जमीन शेवटीं ओल्या फडक्यानें पुसावी. सारवलेली जमीन असेल तर पाणी शिंपडून माती हलकेच गोळा करावी व मग सारवावी.

एक धोका आवर्जून सांगतों. लखलखीत व्हावें म्हणून कोणी ब्लीचिंग आणि संडास धुण्याचें आम्ल एकत्र करतात. त्यांतून क्लोरीन वायू निघतो, व तो धुळीहून घातक असतो. साधें पाणी व साबण पुरे. फडकीं धुतलेलें पाणी विहिरीजवळ ओतूं नये.

दम्याचें मूल असेल तर त्याचें ओढावयाचें औषध आधींच हाताशीं काढून ठेवावें. श्वास घेतांना छाती आंत ओढली जात असेल, किंवा ओठ निळसर दिसले, तर घरगुती काढ्यांत वेळ न दवडतां दवाखाना गांठावा.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून पाहावें. रेघ उमटली, तर तेवढा भाग व जमीन पुन्हां ओल्या फडक्यानें पुसून मगच मुलाचें अंथरूण तेथें घालावें.