ब्लॉकेज फाट्यावरच का होतं?

अँजिओग्राफी झाल्यावर डॉक्टर स्क्रीनवर बोट ठेवून सांगतात, "इथे ब्लॉकेज आहे." घरच्यांना प्रश्न पडतो की साखर आणि कोलेस्टेरॉल तर सगळ्या रक्तात फिरतं, मग ब्लॉकेज नेमकं इथेच का? याचं उत्तर रक्त कसं वाहतं यात आहे.

आपलं हृदय आराम करताना मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. रक्त या अस्तराला सतत घासत जातं. हा घासण्याचा जोर ब्लडप्रेशरच्या मानाने हजारो पटींनी कमी असतो, तरी पेशींना तो कळतो.

पेशी प्रवाह ओळखतात

सरळ धमनीत रक्त एका दिशेने, बऱ्यापैकी वेगात वाहतं. तिथल्या पेशी लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेने रांगेत लागतात आणि नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतात. त्याने धमनी सैल राहते, रक्त गोठत नाही, सूज येत नाही. या वायूच्या कामाचा शोध लावल्याबद्दल १९९८ मध्ये रॉबर्ट फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फरीद मुराद यांना नोबेल मिळालं.

आता फाटा बघा. धमनीला जिथे फांदी फुटते किंवा वळण येतं, तिथे एका बाजूला रक्त मंदावतं, गोल फिरतं, मागेपुढे होतं. आपल्या तालुक्यातल्या दुधनेला पूर आला की मधली धार सरळ पळते आणि वळणाच्या आतल्या अंगाला पाणी रेंगाळतं, तसंच. पण नदीत वरून गाळ बसतो, धमनीत तसं होत नाही. इथे भिंत जिवंत आहे. घर्षण कमी झालं की पेशींची रांग मोडते, नायट्रिक ऑक्साइड घटतं, पेशींमधल्या फटी वाढतात. त्यातून कोलेस्टेरॉल अस्तराच्या खाली शिरतं, पांढऱ्या पेशी ते खायला येतात आणि तिथेच अडकतात. म्हणजे ब्लॉकेज हा पाइपात साचलेला कचरा नसून भिंतीच्या आत वाढलेली सूज आहे. म्हणूनच कुठलाही काढा किंवा चूर्ण तो "धुऊन" काढू शकत नाही.

पूर्वी अनेकांना वाटायचं की रक्त जिथे जोरात आदळतं तिथे भिंत झिजून हा रोग होतो. १९६९ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचे कॉलिन कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट सांगितलं की रोग जिथे घर्षण कमी तिथे होतो. पुढच्या संशोधनाने त्याला दुजोरा दिला. हृदयाच्या डाव्या धमनीचा फाटा आणि मानेत जबड्याखालचा फाटा या त्याच जागा. पहिल्या ठिकाणची गाठ फुटली तर हार्ट अटॅक, दुसऱ्या ठिकाणची फुटली तर लकवा.

आपल्या हातात काय?

फाटे तर सगळ्यांनाच असतात. पण तंबाखू, बिडी, वाढलेली साखर, बीपी आणि कोलेस्टेरॉल नसेल तर त्याच जागी रोग खूप हळू वाढतो. चालताना हृदय जास्त रक्त ढकलतं, प्रवाह वाढतो आणि अस्तराला हवं ते घर्षण मिळतं. आठवड्याला १५० मिनिटं जोरात चालणं पुरेसं आहे. फजरनंतर रोज अर्धा तास, आठवड्यातून ५ दिवस चाललात की हिशेब पूर्ण. आपल्या घरातल्या बायका दिवसभर कामात असतात, पण सलग चालणं होत नाही. अम्मीलाही सोबत न्या.

चाळिशीनंतर बीपी आणि साखर तपासून घ्या. सरकारी दवाखाना आहे, तालुक्यातच वरुडीला मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे. गोळ्या चालू असतील तर बरं वाटलं म्हणून बंद करू नका. रमजानमध्ये सहेरी-इफ्तारच्या वेळा डॉक्टरांकडूनच बसवून घ्या.

आणि छातीत दाब, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर "गॅस असेल" म्हणून सोडा पीत बसू नका. लगेच १०८ ला फोन लावा. भिंतीतली सूज वाढायला अनेक वर्षं लागतात, पण ती फुटल्यावर हातात फार थोडा वेळ असतो.