उपग्रहाची खूण आणि बंधाऱ्यावरची वाट

जुलै महिन्यात दूधगंगा आणि वेदगंगा दुथडी भरून वाहू लागल्या, की कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील रस्ते काही आठवड्यांपुरते बदलतात. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात जी दोन गावे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतात, ती पावसाळ्यात मोठा वळसा घेतल्याखेरीज भेटत नाहीत. या प्रदेशातील नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यापूर्वी त्यांचे बरगे काढले जातात आणि पावसाळा संपला की ते पुन्हा बसवले जातात. या बंधाऱ्यांचे मूळ काम पाणी अडविण्याचे. परंतु त्यांच्या माथ्यावरून सायकली, दुचाकी आणि अनेक ठिकाणी मोटारीही जातात. वेदगंगेवरील निळपण, वाघापूर, कुरणी आणि दूधगंगेवरील सिद्धनेर्ली, सुळकूड ही नावे पाटबंधाऱ्याच्या कागदपत्रांपेक्षा पुराच्या बातम्यांमुळेच वाचकांच्या अधिक परिचयाची झाली आहेत. ‘बंधारा पाण्याखाली’ या दोन शब्दांत तेथील माणसाला त्या दिवसाचा सारा प्रवास कळतो.

मोबाइलमधील नकाशाला मात्र तो कळेलच असे नाही. पडद्यावरची निळी रेघ जानेवारीत जेथून जाते, तेथूनच ती जुलैतही जाऊ शकते. बिद्री, मुधाळ तिट्टा, मुरगूड या टापूतील माणूस त्या रेघेवर अवलंबून नसतो. पाणी कोठवर आले आहे हे त्याला पारावर किंवा एस.टी.च्या थांब्यावर कळते. प्रश्न असतो तो परगावाहून आलेल्या वाहनचालकाचा, रात्रीच्या प्रवाशाचा आणि घाईत असलेल्या माणसाचा. जानेवारी २०२१ मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात नेमके हेच घडले. वर्षातील काही महिने धरणाच्या पाण्याखाली असणाऱ्या पुलाकडे जाणारा रस्ता नकाशाने दाखविला आणि रात्रीच्या अंधारात मोटार पाण्यात गेली. चालक दगावला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगा नदीवरील अपुऱ्या पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तिघांचा बळी गेला. दोन्ही वेळा लोकांनी यंत्राला दोष दिला. तो सर्वस्वी खोटा नव्हता; पण दोष यंत्राच्या कोणत्या भागाचा, हे समजून घेतल्यावाचून उपाय सापडणार नाही.

या यंत्राचे वस्तुतः दोन भाग आहेत, आणि सामान्य वापरात ते एकच मानले जातात. पहिला भाग आभाळात आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकी उपग्रह अत्यंत अचूक घड्याळांच्या आधारे वेळेचे संदेश पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश हाती आले, की ते पोहोचण्यास किती अवधी लागला यावरून खालचे यंत्र आपले स्थान काढते. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. यावरून त्या घड्याळांची योग्यता कळावी. मुळात लष्करासाठी उभारलेली ही व्यवस्था १९८३ मध्ये कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेल्यानंतर नागरी वापरासाठी खुली करण्याची घोषणा झाली. नागरी संदेशात मुद्दाम ठेवलेला धूसरपणा मे २००० मध्ये काढून टाकण्यात आला. भारताने २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडले आणि त्या व्यवस्थेला ‘नाविक’ हे नाव मिळाले.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून दीपस्तंभ येतो. एका जहाजाने त्याचा उजेड पाहिला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचा उजेड कमी होत नाही आणि पाहणाऱ्याकडून पैसेही घेता येत नाहीत. उपग्रहांची ही रांग म्हणजे आजचा सर्वांत मोठा दीपस्तंभ होय. त्याचा खर्च अमेरिकेचा करदाता सोसतो आणि बिद्रीचा ट्रॅक्टरचालक त्याचा लाभ फुकट घेतो. मोबाइलला रेंज नसली, तरीही हे संदेश येतच राहतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. राधानगरीकडून दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाटाकडे जाताना रेंज जाते आणि प्रवासी ‘यंत्र बंद पडले’ म्हणतो; प्रत्यक्षात स्थान कळत असते, खालचा नकाशा तेवढा उतरत नसतो. घरून निघताना तो उतरवून ठेवला, तर अडचण बव्हंशी टळते.

दुसरा भाग जमिनीवरचा, म्हणजे नकाशाचा. दीपस्तंभ जहाजाला ‘तू येथे आहेस’ एवढेच सांगतो. पुढचा खडक कोठे आहे हे त्या किनाऱ्यावरच्या कोळ्याला ठाऊक असते. उपग्रहाचेही तसेच आहे. रस्ता कोणता, तो कोणत्या महिन्यात चालू असतो, गावाचे नाव काय, हे सारे माणसांनी भरलेले असते आणि ग्रामीण भागात ते भरणारी माणसे थोडी आहेत. नावांचा घोळ पाहिला तरी हे पटते. बिद्रीजवळचे कसबा वाळवे राधानगरी तालुक्यात आहे, तर वाळवे हे तालुक्याचे नाव सांगली जिल्ह्यात आहे. घाटाखालचे फोंडा सिंधुदुर्गात आणि फोंडे शहर गोव्यात. त्यातून नावे रोमन लिपीत लिहिलेली, म्हणजे ऱ्हस्वदीर्घाचा प्रश्नच मिटला! बिद्रीचा शोध घेणाऱ्यापुढे बिदरची नक्षीदार भांडी आली, तर त्याने नवल मानू नये.

तरीही या साधनाने ग्रामीण जीवनात जी सोय केली आहे, ती नाकारणे अन्यायाचे होईल. मळ्यातील घराला पत्ता नसतो. ‘ओढा ओलांडून डावीकडे, चिंचेच्या झाडापुढे’ हा पत्ता गावच्या पोस्टमनला पुरतो, बाहेरून आलेल्या रुग्णवाहिकेला पुरत नाही. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तेव्हापासून फोन करणाऱ्याला वाट सांगता येणे हा जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसला आहे. घरातील शाळकरी मुलाने आपल्या जागेची खूण मोबाइलवरून पाठविली, तर तो प्रश्न एका क्षणात सुटतो. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड आला. त्या सहा आकड्यांत खेड्यांचा एक पुंजका मावतो. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने आणलेल्या ‘डिजिपिन’ या दहा अक्षरी खुणेत सुमारे चार मीटर लांबीरुंदीची जागा मावते, म्हणजे मळ्यातील घराचे अंगणसुद्धा त्यातून वेगळे दाखविता येते. आता ही खूण दारावर रंगवून घेण्याचे काम कोणी हाती घेते का, ते पाहावयाचे.

बिद्रीच्या आर्थिक जीवनाचा कणा मात्र ऊस आहे आणि या साधनाची खरी कसोटी तेथेच लागते. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे हे गाव जिल्ह्याबाहेर ओळखले जाते. गळीत हंगामात बीड, सोलापूर, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या कोल्हापुरातील कारखान्यांकडे येतात. तोडीच्या चिठ्ठीवर गट नंबर असतो. शेतकरी त्याच रानाला ‘माळाचा तुकडा’ किंवा ‘नदीकाठची पट्टी’ म्हणतो. आणि पाटोद्याहून आलेल्या गाडीवानाला या दोहोंचाही बोध होत नाही. बैल परतीची वाट लक्षात ठेवतो, पण पहिल्यांदा जाण्याची वाट त्यालाही दाखवावी लागते. शेताची खूण मुकादमाच्या मोबाइलवर गेली, तर पहाटेची एक-दोन तासांची पायपीट वाचते. ज्यांची मजुरी तोडलेल्या टनावर ठरते, त्यांच्या दृष्टीने ते दोन तास म्हणजे रोख पैसे होत.

उसाच्या क्षेत्राची नोंदही आता बांधावरून मोबाइल घेऊन फिरून करता येते. साखर आयुक्तालयाने २०२२ मध्ये ऊस नोंदणीसाठी मोबाइलवरील सोय उपलब्ध करून दिली. पीकपाहणीची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून करावी, ही पद्धत राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. तथापि येथे एक हिशेब नजरेआड होऊ नये. साध्या मोबाइलने काढलेल्या स्थानात काही मीटरची चूक असणे स्वाभाविक आहे. एक हेक्टरच्या चौरस शेतात प्रत्येक बाजू दोन मीटरने जास्त मोजली गेली, तर क्षेत्रातील चूक सुमारे ४ टक्के होते. तीच दोन मीटरची चूक दहा गुंठ्यांच्या तुकड्यात झाली, तर ती १३ टक्क्यांवर जाते. म्हणजे सव्वा गुंठ्याहून अधिक. यंत्र सर्वांना सारखेच चुकते, पण त्या चुकीचा भार लहान शेतकऱ्यावर अधिक पडतो. वाटण्या होऊन तुकडे झालेल्या या जिल्ह्यात ही बाब किरकोळ नाही. उसाच्या अंदाजासाठी अशी मोजणी चालेल; हद्दीच्या भांडणात तिचा पुरावा म्हणून उपयोग करणे धोक्याचे ठरेल. हद्दीसाठी भूमी अभिलेख खात्याची वेगळी, सेंटिमीटरपर्यंत अचूक असणारी साधने आहेत आणि त्यांना दुरुस्तीचे संदेश पुरविणारी ७७ स्थिर केंद्रे राज्यात उभी राहिली आहेत. ३३ फुटी साखळीने मोजलेल्या जुन्या टिपणांशी त्यांचा मेळ घालणे हेच आता मोजणीदाराचे खरे कौशल्य आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न माहितीच्या मालकीचा आहे. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गाळला जावा, असा संकेत आहे. कारण तासागणिक त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटतात. वजन काट्यावर होते. साहजिकच वाटेत किंवा कारखान्याच्या आवारात ट्रॉली अडकून पडली, तर वजनातील घट शेतकऱ्याच्या पदरात पडते. वाहनांवर स्थानदर्शक यंत्रे बसविण्याची रीत साखर धंद्यात रुजू लागली आहे. त्यांची माहिती कार्यालयातील पडद्यावर दिसते. ज्याचा ऊस त्या ट्रॉलीत आहे, त्याच्या मोबाइलवर ती का दिसू नये? सहकारी संस्थेत तर तो सभासद, म्हणजे मालकच असतो. वाहतुकीच्या खर्चाचेही असेच आहे. तोडणी आणि वाहतुकीचा सरासरी खर्च उसाच्या दरातून वजा करण्याची पद्धत राज्यात रूढ आहे. त्यामुळे जवळचा सभासद दूरच्या सभासदाच्या वाहतुकीचा काही भार उचलतो. सहकारात असे भार वाटून घेण्यात गैर काही नाही, किंबहुना सहकाराचा अर्थच तो आहे. पण किती भार कोण उचलतो, हे आजवर मोघम राहिले. प्रत्येक खेपेचे अंतर आता आपोआप नोंदले जाऊ शकते. ते वार्षिक सभेपुढे मांडावयाचे की नाही, एवढाच निर्णय उरतो. दोन कारखान्यांमधील हवाई अंतर २५ किलोमीटर हवे, हा राज्याचा दंडक मोजून पाळावयाचा आणि शेतापासून गव्हाणीपर्यंतचे अंतर मात्र मोघम ठेवावयाचे, यात विसंगती आहे.

बंधाऱ्यांच्या बाबतीत तर अडचण याहून सोपी आणि म्हणूनच अधिक लाजिरवाणी आहे. पुराच्या दिवसांत पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादी रोज तयार होते आणि वृत्तपत्रांत छापून येते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर तिची सर्वांनाच सवय झाली आहे. प्रत्येक बंधारा उपग्रहाच्या खुणेने एकदा नोंदवून ठेवला आणि यादी तयार करणाऱ्या कर्मचाऱ्यानेच त्या खुणेपुढे ‘बंद’ किंवा ‘चालू’ असे लिहिले, तर ती माहिती नकाशा चालविणाऱ्या कंपन्यांना आणि रुग्णवाहिकेच्या केंद्राला एकाच वेळी देता येईल. यास नवे खाते नको, मोठे अनुदान नको. फेब्रुवारी २०२१ पासून केंद्र सरकारने नकाशांवरची जुनी बंधनेही सैल केली आहेत. अडते ते इतकेच, की हे काम पाटबंधारे, सार्वजनिक बांधकाम, महसूल आणि ग्रामपंचायत यांपैकी नेमके कोणाचे, हे कोणत्याच परिपत्रकात ठळकपणे लिहिलेले दिसत नाही. तोवर पोलीस पाटलाने बांबू आडवा बांधावा आणि त्यावर लाल फडके लावावे, ही जुनी रीत मोडू नये. रात्री ते फडके दिसत नाही, म्हणून जवळ एखादा चकाकणारा फलक असावा.

पावसाळा सरला की बरगे पुन्हा बसतात, तळ्यासारखे पाणी साठते आणि बंधाऱ्याच्या माथ्यावरचा चिखल वाळतो. पहिली दुचाकी त्यावरून पलीकडे जाते, तेव्हा वाट खुली झाल्याची बातमी दोन्ही काठांवर तासाभरात पोहोचलेली असते. गळीत हंगामाला तोवर फार दिवस उरलेले नसतात.