तात्यांची शेवरोले आणि विकण्याचा हक्क

आमच्या वस्तीतली एक जुनी मोटार या उन्हाळ्यात विकली गेली. मोटार विकली ही काय पेपरात लिहायची गोष्ट आहे, असे कोणी विचारील. पण या एका मोटारीवरून आमच्या विहारात दोन रात्री बैठका झाल्या, जवळची माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली, आणि कागदपत्रांचे काम माझ्याकडे आल्याने मला आपल्या समाजाच्या एका जुन्या दुखण्याची पुन्हा ओळख झाली. ते दुखणे सर्वांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

गाडी १९४८ सालची शेवरोले. सहा सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर आणि वर कापडी टप. टप मागे दुमडला की गाडी आभाळाला उघडी. इंग्रजीत तिला कन्व्हर्टिबल म्हणतात, आमच्या वस्तीत तिचे नाव ‘बिनटपाची’. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता, तो १९५४ साली बंद झाला. त्या काळात कोल्हापुरात ज्यांच्या हातात पैसा होता त्यांच्या दारात अशा अमेरिकन गाड्या उभ्या असत. आमच्या तात्यांचे शेठ त्यांपैकीच एक.

तात्या या गाडीवर १९५६ साली ड्रायव्हर म्हणून लागले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. तात्यांना रजा मिळाली नाही, त्यांनी दीक्षा पुढे इथेच घेतली. बावीस वर्षे त्यांनी ती गाडी चालवली. शेठ त्यांच्या हाती आपला जीव देऊन घाटातून निर्धास्त झोपत असत. पण घरी परतल्यावर तात्यांना पाणी मिळे ते वेगळ्या तांब्यात आणि परसदारी. माणसाच्या हातातले स्टिअरिंग बाटत नाही, तांब्या मात्र बाटतो, हा या देशाचा न्याय आहे!

१९७८ साली शेठचा धंदा बसला. अनेक महिन्यांचा पगार थकला होता. घरच्या ड्रायव्हरला ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होत नाही, तेव्हा मागायचे तरी काय? शेठने साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या, खाली रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही केली आणि गाडीची किल्ली तात्यांच्या हातावर ठेवली. तेव्हा त्या गाडीला भंगाराचाच भाव होता. इंजिन धूर ओकत होते, टप फाटला होता. शेठच्या घरच्यांना अडगळ गेल्याचे समाधान वाटले.

तात्यांनी मात्र त्या अडगळीला पुन्हा उभे केले. सुटे भाग मिळत नव्हते. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर त्यांनी एकेक भाग करून घेतला, पत्रा ठोकून सरळ केला, टप वस्तीतल्या शिंप्याकडून मशीनवर शिवून घेतला. पुढे दर १४ एप्रिलला बाबासाहेबांची तसबीर घेऊन ही गाडी आमच्या वस्तीतून बिंदू चौकाकडे निघू लागली. बाबासाहेब हयात असताना ९ डिसेंबर १९५० रोजी ज्या चौकात त्यांचा पुतळा बसला, तोच हा बिंदू चौक. शाळकरी वयात मी स्वतः त्या गाडीच्या मागच्या सीटवर उभा राहून निळा झेंडा धरला आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसे बघत होती, आणि पहिल्यांदाच ती आमच्याकडे मान वर करून बघत होती. वस्तीतल्या किती तरी पोरींच्या वराती त्या गाडीतून निघाल्या. तात्यांनी कोणाकडून भाडे घेतले नाही, फक्त पेट्रोल घेतले.

दोन वर्षांपूर्वी तात्या गेले. मागे आक्का आणि नात. नात हुशार, तिला परदेशातल्या विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासाला प्रवेश मिळाला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, पण सबंध महाराष्ट्रातून जागा ७५. त्या यादीत तिचे नाव आले नाही. बँक तारण मागू लागली. त्याच सुमाराला जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ मुंबईहून आले, गाडी पाहिली आणि आक्कांनी स्वप्नातही कधी ऐकली नव्हती अशी रक्कम बोलले.

खरा प्रश्न इथून पुढे सुरू झाला. गाडीचे आरसी बुक पाहिले, तर त्यात नाव शेठचे! पंचेचाळीस वर्षे गाडी तात्यांच्या दारात, तिच्यावर घाम तात्यांचा, आणि कागदावर तात्या कोठेच नाहीत. किमतीची बातमी पसरताच शेठचे नातू मोटारसायकलवरून आले. ‘आजोबांनी गाडी फक्त सांभाळायला दिली होती,’ असे त्यांचे म्हणणे. तात्या हयात असताना एकदाही न आठवलेली गाडी आता त्यांना खानदानी वारसा वाटू लागली होती.

वाचकहो, इथे कायदा काय सांगतो ते नीट समजून घ्या, कारण हा प्रसंग उद्या तुमच्याही घरी येऊ शकतो. मोटार ही जंगम वस्तू आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे जंगम वस्तूचे बक्षीस ताबा देऊनही पुरे होते. थकलेल्या पैशाच्या बदल्यात दिली म्हणावे, तरी दोघांचा इरादा आणि ताबा यांनी मालकी बदलते. आरसी बुकातले नाव हा मालकीचा पुरावा आहे, पण मालकी त्या नावातून जन्माला येत नाही. आमच्याकडे शेठच्या सहीचा तो चार ओळींचा कागद होता. आक्कांनी तो लुगड्याच्या घडीत बाबासाहेबांच्या फोटोशेजारी जपून ठेवला होता. त्या कागदाने आम्हाला वाचवले. नोटिशीला उत्तर गेले, दोन बैठका झाल्या, आणि नातवांनी ना-हरकतीच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. कागद नसता तर काय झाले असते? पंचेचाळीस वर्षांचा ताबा घेऊन आम्ही दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसलो असतो, आणि नातीचे प्रवेशपत्र रद्दीत गेले असते.

बाहेरचा प्रश्न मिटला, तर घरचा उभा राहिला. विहारातल्या बैठकीत तरुण कार्यकर्ते उसळून म्हणाले, “ही गाडी आपली अस्मिता आहे. जयंतीची गाडी सावकाराच्या दारात जाऊ देणार नाही.” एका ज्येष्ठ उपासकांच्या डोळ्यांत पाणी होते. कोणी म्हणाले, वर्गणी काढून गाडी समाजाच्या नावावर करू. वर्गणीचा आकडा मांडला, तो मागितलेल्या किमतीच्या दहाव्या हिश्शालाही पोचला नाही. गाडी विहारापाशी उभी करायची तर छप्पर कोण घालणार, इंजिन कोण बघणार, याला उत्तर कोणाकडेच नव्हते. तात्या गेल्यापासून ती ताडपत्रीखाली गंजत होती आणि अस्मितेचे नाव घेणाऱ्यांपैकी एकानेही तिच्या बॅटरीत पाणी घातले नव्हते.

आक्का कोपऱ्यात बसून सगळे ऐकत होत्या. शेवटी मला म्हणाल्या, “पोरा, गाडी काय द्येव हाय व्हय? त्येंनी हयातभर पुसली, आता ती पोरीच्या कामाला यील. त्येंचंच काम हाय न्हवं ते?” त्यानंतर बैठकीत फारसे कोणी बोलले नाही.

मी तेव्हा जे मांडले तेच इथे लिहितो. आपल्या आज्या-पणज्यांकडे विकण्यासारखे काय होते? महार वतनाची जमीन होती. पण १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ती वतनाबाहेरच्या माणसाला सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नव्हती. म्हणजे जमीन आपली म्हणायची आणि तिच्या बदल्यात रात्रंदिवस गावाची बिनबोभाट चाकरी करायची. जमीन माणसाची नव्हती, माणूसच जमिनीला बांधलेला होता. म्हणून तर करवीरच्या शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतने खालसा करून त्या जमिनी रयतावा करून दिल्या, आणि बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. जी वस्तू विकण्याचा हक्क नाही ती वस्तू आपली नसते. आक्कांनी गाडी विकली, तेव्हा आपल्या समाजातल्या एका बाईने मालक म्हणून सही केली. यात रडण्यासारखे काय आहे?

आणि बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. राजगृहाबरोबर त्यांनी मुंबईत ‘चार मिनार’ ही दुसरी इमारत बांधली होती. ग्रंथखरेदी आणि डोक्यावरचे कर्ज यासाठी ती त्यांनी १९४१ साली विकली. राजगृह ठेवले, कारण तिथे ग्रंथ होते. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवताना ज्ञान कोणत्या बाजूला आहे हे त्यांनी पाहिले. आपण त्यांची तसबीर गाडीत ठेवतो, तर त्यांचा हा हिशेबही डोक्यात ठेवला पाहिजे.

वाहनाचे मोल आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. १९२९ साली चाळीसगावला एकही टांगेवाला बाबासाहेबांना घेऊन जायला तयार झाला नाही. टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. सराव नसलेल्या आपल्याच बांधवाने तो हाकला, टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्य तरुणांना कोचमन आणि माहूत म्हणून नेमले, वकिलीच्या सनदाही दिल्या. तात्यांच्या हातातले स्टिअरिंग आणि माझ्या अंगावरचा काळा कोट हे दोन्ही त्याच वाटेने आले आहेत. म्हणून त्या गाडीवर माझे प्रेम कोणापेक्षा कमी नाही.

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक येते, तेव्हा कोल्हापूरकर ती बघायला गर्दी करतात. मीही बघतो. पण ती पुसणाऱ्याचे, चालवणाऱ्याचे नाव कितीजणांना ठाऊक आहे? जुन्या गाड्यांच्या इतिहासात मालकांची वंशावळ असते, ड्रायव्हर-मेस्त्रींची नसते. म्हणून विक्रीच्या करारात मी एक अट घातली: गाडी जिथे प्रदर्शनात उभी राहील तिथल्या पाटीवर १९७८ पासूनचे मालक म्हणून तात्यांचे पूर्ण नाव आणि ‘ड्रायव्हर’ हा त्यांचा हुद्दा लिहिला जाईल. खरेदीदार सज्जन निघाले. म्हणाले, “वकीलसाहेब, पाटी तुम्हीच करून द्या.”

गाडी नेण्याच्या आदल्या दिवशी ती बिंदू चौकात नेली. पुतळ्याला हार घातला, त्रिशरण-पंचशील झाले. दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढवताना आक्कांनी बॉनेटवरून एकदा फडका फिरवला आणि तो फडका घडी घालून पिशवीत ठेवला. बैठकीत उसळणारी तीच पोरे गाडी ढकलायला पुढे होती. नात आता तिकडे शिकते आहे.

बांधवांनो, यातून तीन गोष्टी गाठीला बांधा. एक, मालक काहीही देवो, जमीन, खोली, हातगाडी की मोटार, त्याच दिवशी कागद करा. तोंडी दानत मरणाबरोबर मरते, नंतर वारस उरतात. दोन, वाहन विकले-घेतले तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे, एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. गाडी विकूनही नाव बदलले नाही आणि अपघात झाला, तर नुकसानभरपाई नोंदणीतल्या मालकावरच बसते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. आपल्या रिक्षा-टेम्पोवाल्या तरुणांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. तीन, पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडी २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. त्या यादीत जयंतीची मिरवणूक नाही.

येत्या १४ एप्रिलला आमच्या मिरवणुकीत बिनटपाची नसेल. तसबीर खांद्यावरून न्यावी लागेल. खांदे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

जयभीम!