कागदी फुलांचा जोडधंदा : भोर-वेल्ह्याच्या कारागिरांसाठी

कापडाच्या धंद्यात कतरण कधी वाया जात नाही, असे आमचे वडील सांगत. सुती आणि होजिअरीच्या चिंध्या गोणीत भरायच्या आणि भंगारवाला आला की वजनावर द्यायच्या, एवढेच आम्हांला ठाऊक होते. त्या चिंध्यांचे पुढे काय होते, हे बरीच वर्षे आम्ही कधी विचारले नाही. पुण्याला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत गेलो तेव्हा उलगडा झाला. चिंध्यांचा लगदा होतो आणि लगद्याचा कागद होतो. असल्या कागदाची डायने कापलेली, शाईने रंगवलेली गुलाबाची आणि झेंडूची फुलेही नंतर पाहण्यात आली. दोन हात लांबून पाहिली तर खरी वाटावीत अशी. आमच्या दुकानातली चिंधी फूल होऊन चौपट-पाचपट भावाने विकली जात होती आणि आम्ही ती किलोवर देत होतो!

त्यानंतर भोरमध्ये आणि वेल्हे तालुक्यातल्या काही घरांत आम्ही हे काम करून पाहिले. त्यात जे शिकलो आणि जिथे चुकलो, ते आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत.

कागदाशी आपले नाते

कागद हा शब्दच फारसीतून मराठीत आला. पेशवे दफ्तरातले जुने रुमाल सोडले तर जुन्नरी आणि दौलताबादी कागद हाती लागतो. जुन्नरचे कागदी आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे कागझी हे मुसलमान कारागीर होते. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि त्यांचा पेशा बसला. पुण्याची हातकागद संस्था १९४० साली निघाली, ती हे हुनर मरू नये म्हणूनच. राजस्थानात सांगानेरच्या कागझी कुटुंबांनी मात्र काळाबरोबर माल बदलला. त्यांनी लिहिण्याच्या कागदाला धरून न बसता भेटकार्डे, पिशव्या, डबे आणि फुले केली, आणि त्यांचा माल परदेशी जाऊ लागला. पेशा टिकवायचा तर माल बदलावा लागतो, हा धडा त्यातून घ्यावा.

कोणी विचारील, फुलांची नक्कल करणे दीनच्या दृष्टीने कसे? हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे हाताने चित्रे करून पोट भरणारा एक माणूस आला होता. त्यांनी त्याला झाडे आणि ज्यात जीव नाही अशा वस्तू करण्यास सांगितले, अशी सहीह रिवायत आहे. म्हणजे या कामाची वाट मोकळी आहे.

कागद कोणता घ्यावा

फुलासाठी साधारण १२० जीएसएमचा कागद बरा. पातळ कागद आकार धरत नाही आणि फार जाड कागद वळवताना मोडतो. शक्य तर सुती चिंध्यांचा हातकागद घ्यावा. त्याचे धागे लांब असतात, त्यामुळे ओला करून दाबला तरी फाटत नाही आणि वाळला की तोच बाक धरून राहतो.

गिरणीच्या कागदाला कापडासारखीच उभी-आडवी दिशा असते. ती ओळखण्याची रीत सोपी आहे. चौकोनी तुकड्याची एक बाजू ओली करावी. कागद आपोआप नळीसारखा वळतो. त्या नळीची जी लांबी, तीच कागदाची उभी दिशा. पाकळी त्या दिशेच्या बेताने वळवली की चुण्या पडत नाहीत. हातकागदात ही अडचण जवळजवळ नसते.

डाय आणि कापणी

डाय म्हणजे फुलाच्या आकाराची धारदार पट्टी. तिचे तीन प्रकार आपल्या कामाचे. पहिला हातठोक्याचा डाय. चपलांच्या कामात चामडे कापतात त्याच जातीचा. खाली बाभळीचा उभ्या रेषेचा ओंडका, वर कागदाचे सात-आठ थर, त्यावर डाय आणि हातोड्याचा एक घाव. दुसरा प्रकार खोकी बनवणाऱ्यांकडचा. अठरा मिलिमीटर प्लायवूडमध्ये पोलादी पट्टी बसवलेली असते आणि कापलेला कागद बाहेर ढकलायला बाजूला स्पंज चिकटवलेला असतो. तिसरा घरगुती रुळाचा यंत्र-प्रकार. दोन पट्ट्यांमध्ये डाय आणि कागद ठेवून हँडल फिरवायचे. वीज लागत नाही, आवाज नाही, बोट कापण्याची भीती कमी. घरातल्या बायकांसाठी हाच आम्ही पसंत केला.

आता थोडा हिशेब. झेंडूच्या एका फुलाला पाच सेंटिमीटर व्यासाच्या सहा चकत्या लागतात असे धरू. ए-फोर कागदात सरळ रांगांनी २० चकत्या बसतात. म्हणजे १०० फुलांना ६०० चकत्या आणि ३० कागद. १२० जीएसएमने त्यांचे वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. पण त्यातला जवळजवळ ३७ टक्के कागद कतरण होऊन जातो. शिंप्याला हे सांगावे लागत नाही. तो मांडणी बदलतो. २३ बाय ३६ इंची तावात सरळ रांगांनी १९८ चकत्या बसतात. त्याच एकाआड एक सरकवून मांडल्या तर २२० बसतात. चकत्या अगदी लागून कापता आल्या तरचा हा हिशेब आहे. प्रत्यक्षात थोडी जागा सोडावी लागते. तरी तावामागे वीस चकत्यांचा फरक धंद्यात लहान नव्हे. उरलेल्या कतरणीतून पाने, देठाची वेटोळी आणि बारीक फुले निघतात. शेवटचा चुरा हातकागदवाल्याला परत द्यावा.

शाई : कच्ची आणि पक्की

कापडवाल्याला कच्चा-पक्का रंग शिकवायला नको. शाईतही तोच भेद आहे. एक शाई कागदात मुरते. ती पाण्याच्या फवाऱ्याने पसरते आणि पाकळीवर गडदापासून फिकटपर्यंत सुंदर छटा देते. पण ओलाव्याने सुटते आणि उन्हात उडते. दुसरीत रंगाची बारीक पूड असते. ती कागदाच्या वर बसते, वाळायला वेळ घेते, पण उजेडाला जास्त टिकते.

रंग द्यायची रीत अशी : स्पंजच्या तुकड्याने पाकळीच्या कडेला शाई चोळावी आणि मध्याकडे हलके यावे. पूर्ण पाकळी एकसारखी रंगवली की फूल कागदाचे दिसते, कड गडद ठेवली की जिवंत दिसते.

सेहरा, हार, हळदीचे दागिने अशा अंगाला लागणाऱ्या मालाची परीक्षा केल्याशिवाय तो बाहेर काढू नये. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करून फुलावर दहा वेळा घासावा. कापडावर रंग आला तर तो माल भिंतीच्या सजावटीला ठेवावा. नवरदेवाच्या पांढऱ्या शेरवानीवर लाल ओघळ उतरला तर त्याची भरपाई कोणत्याही नफ्यातून होत नाही.

फुलाला उठाव

चकती सपाट असते. फूल उभे राहते ते दाबाने. पाण्याचा अगदी हलका हात द्यावा, चकती जाड स्पंजवर किंवा नमद्यावर ठेवावी आणि टोकाला गोळी असलेल्या सळईने प्रत्येक पाकळी गोल गोल दाबावी. पाकळी वाटीसारखी वर येते. ही सळई बाजारात मिळते. नाही मिळाली तर काठीला काचेची गोटी घट्ट बसवूनही काम होते. मधल्या चकत्या जास्त मिटलेल्या, बाहेरच्या मोकळ्या. बारीक तार मधून ओवावी, प्रत्येक थराला गोंदाचा एक थेंब द्यावा आणि थर लावताना पाकळी खालच्या दोन पाकळ्यांच्या फटीवर येईल असे फिरवावे. गुलाबाला वेगळी सोय आहे : एकच वेटोळ्याचा डाय कापावा, बाहेरच्या टोकाकडून गुंडाळत यावे आणि मधली चकती खाली तळ म्हणून चिकटवावी.

भोर-वेल्ह्याचा पाऊस

कागद ओलावा पितो आणि आमचा मुलूख पावसाचा. भाटघर धरण ज्याच्या भरवशावर उभे आहे तो हा पाऊस. तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्यात आषाढात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. तिथे पाकळीचा बाक टिकेल कसा? (या तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, पण लोकांच्या तोंडी वेल्हेच बसलेले आहे.)

म्हणून या कामाचे वेळापत्रक पावसावरून लावावे. भाताची कापणी-मळणी झाली की बायकांचे हात मोकळे होतात. तेव्हापासून मृगापर्यंत फुले करून घ्यावीत. गणपतीचा मालही मे महिन्यातच डब्यांत बंद झाला पाहिजे. डबे जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावेत. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. मोठ्या कपाटात मातीच्या भांड्यात कळीचा चुना ठेवला तरी तो ओलावा ओढतो. मात्र लहान मुलांचा हात आणि पाणी दोन्ही त्यापासून दूर हवे. कपाटात जुना पिवळा बल्ब जाळीत बसवून, कागदापासून लांब ठेवून लावला तर ऊब राहते. एलईडी दिव्याचा तिथे उपयोग नाही, तो हवा तापवत नाही.

आमची चूक

हे शहाणपण आम्हांला फुकट मिळालेले नाही. पहिल्या वर्षी पुण्याच्या एका व्यापाऱ्याने गणपतीसाठी साठ डबे मागवले. आम्ही काम उशिरा काढले. आषाढ-श्रावणात वेल्ह्याच्या घरांतून डबे येत गेले आणि चौदा डब्यांतली फुले मऊ पडली. पाकळ्या लोळल्या होत्या. नवे करायला दिवस नव्हते. दुकानात कोणीतरी म्हणाले, "चाचा, वरचा थर चांगला लावू. तळ कोण बघतो?" आम्ही नाही म्हणालो नाही. चांगल्या डब्यांतली फुले काढून वर लावली आणि माल टेम्पोत चढवला.

व्यापाऱ्याने पैसे पूर्ण दिले. तक्रारीचा एक शब्द नाही. पुढच्या वर्षी त्याचा फोन मात्र आला नाही. आम्ही केला तर म्हणाला, "यंदा नको, भाई." वेल्ह्याच्या अकरा बायका काम विचारायला आल्या. त्यांतली एक वयस्क बाई म्हणाली, "आमचं काही चुकलं का?" तिला काय उत्तर द्यावे हे आम्हांला सुचले नाही.

बाजारात धान्याच्या ढिगात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला आणि आत ओल लागली, ही हदीस आपण सर्वांनी मदरशात ऐकलेली आहे. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी त्या व्यापाऱ्याला विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही असे बजावले. आम्ही ती हदीस लहानपणी पाठ केली होती आणि पन्नाशीत तंतोतंत तेच करून बसलो. धान्याच्या जागी फुले होती, एवढाच फरक.

शेवटी पुण्याला गेलो, चौदा डब्यांचे पैसे त्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यावर ठेवले आणि काय केले ते सांगितले. त्याने पैसे मोजून घेतले, चहा मागवला. त्या वर्षी काम मिळाले नाही. त्यानंतरच्या वर्षी दहा डब्यांचे मिळाले. आता प्रत्येक डब्याचे झाकण पारदर्शक असते आणि मऊ पडलेला माल आम्ही 'दुय्यम' अशी चिठ्ठी लावून अर्ध्या किमतीत देतो. शाळांच्या कार्यक्रमांना तो चालतो.

गिऱ्हाईक कोठे आहे

सेहरा आणि हार हे आपले घरचे गिऱ्हाईक, पण तेवढ्यावर धंदा चालत नाही. मराठी लग्नातले रुखवत, गौरी-गणपतीचे मखर, हळदीचे दागिने, दुकानांची दिवाळीची सजावट ही मोठी मागणी आहे. भोरच्या राजवाड्यात चित्रीकरणे होतात, त्यांनाही सजावट लागते. थर्माकोलच्या सजावटीला राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. प्लास्टिकच्या फुलांवरही बंदी यावी अशी मागणी फूलउत्पादकांनी लावून धरली आहे. तरी कायद्याच्या भरवशावर माल भरून ठेवू नये. बंदी आली-गेली तरी आपले फूल चांगले असले पाहिजे.

मजुरी आणि भांडवल

मजुरी ठरवताना घड्याळ लावावे. आमच्याकडे सरावाच्या हाताला एका झेंडूस सहा मिनिटे लागतात, म्हणजे तासाला दहा. बाईला तासाचे काय मिळाले पाहिजे ते आधी ठरवावे आणि मग नगाचा दर काढावा. उलटे केले की दर नेहमी कमी निघतो आणि तो तिच्या घामातून जातो. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी ही शिकवण आहे. पुण्याहून पैसे येईपर्यंत तिला थांबवू नये.

सुरुवातीला एक रुळाचे यंत्र, तीन-चार डाय, सहा रंग एवढे पुरे. दोन-तीन कुटुंबांनी भागीदारीत घेतले तर व्याजाच्या वाटेला जावे लागत नाही. केंद्राची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या १८ पेशांत कागदी फुलांचे वेगळे नाव नाही, पण हार-माळा करणारे आणि शिंपी आहेत. त्या पेशात खरोखर असलेल्यांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. ही मदत कर्ज नव्हे. योजनेतले कर्ज ५ टक्के व्याजाचे आहे. ते न घेता अवजारांची मदत घेता येते का, याची चौकशी आपल्या सेवा केंद्रात जरूर करावी.

बंधूंनो, हा धंदा कोणाला लखपती करणार नाही. पण भात निघाल्यावर रिकामे बसणारे हात, शिंप्याकडची कतरण आणि व्यापाऱ्याची ओळख, या तीन गोष्टी भोर-वेल्ह्यात आजही आहेत. त्या जोडण्याचे काम आपले. आणि डबा भरताना तळाची फुले आधी तपासावीत, वरची नंतर. बरकत देणारा अल्लाह आहे.