मुदत सरलेली कार्यप्रणाली आणि मिटलेला फोन

सोलापूरचें नांव मराठी घरांत चादरीमुळें जितकें पोंचलें आहे, तितकेंच तें दाते पंचांगामुळेंहि पोंचलें आहे. गुढीपाडवा आला कीं जुनें पंचांग खिळ्यावरून उतरतें आणि नवें चढतें. एखाद्या विसरभोळ्या गृहस्थानें जुनेंच राहूं दिलें, तरी तें बिचारें भिंतीवर निमूट लटकत असतें. त्यांतील तिथि चालू वर्षास लागू पडत नाहींत, एवढेंच. आतां अशा एका पंचांगाची कल्पना करावी कीं, मुदत सरल्या रात्रीं जें आपण होऊन मिटून बसतें, पुन्हां उघडत नाहीं, आणि ज्याच्या पानांत जपून ठेविलेलीं घरांतील पत्रें, छायाचित्रें नि हिशेबाच्या चिठ्या यांसहि आंत कोंडून घेतें. हौसेनें फोनमध्यें घातलेल्या ‘बीटा’ कार्यप्रणालीची मुदत संपली म्हणजे असा प्रसंग ओढवूं शकतो.

कार्यप्रणाली म्हणजे फोनचा सारा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली. पडद्यावर बोट ठेवितांच काय व्हावें, कॅमेऱ्यानें टिपलेलें चित्र कोठें सांठवावें, बँकेच्या ॲपला कोणतें दार उघडावें नि कोणतें लावून घ्यावें, हें सर्व तीच ठरविते. आयफोनची प्रणाली ॲपल कंपनीची. इतर बहुतेक फोनांवर गूगलची ‘अँड्रॉइड’ चालते. दरसाल नवी आवृत्ति निघते, आणि ती सर्वांच्या हातीं देण्यापूर्वीं कांहीं महिने चांचणीसाठीं बाहेर सोडण्यांत येते. बीटा हें ग्रीक वर्णमालेंतील दुसरें अक्षर. पहिल्या, म्हणजे ‘आल्फा’ अवस्थेंत वस्तु कारखान्याच्या आंतच तपासली जाते. दुसऱ्या अवस्थेंत ती बाहेरच्या माणसांकडे येते. छापखान्यांतील मुद्रिताची उपमा तिला शोभेल. मुद्रित वाचतां येतें, परंतु तें ग्रंथ नव्हे. त्यांतील चुका सांपडाव्यात म्हणूनच तें वाचावयास दिलेलें असतें.

हें मुद्रित पूर्वीं सहजासहजीं मिळत नसे. ॲपलचें बीटा घ्यावयाचें तर वर्षास ९९ डॉलर भरून विकासक म्हणून नांव नोंदवावें लागे. २०१५ पासून आयफोनचें बीटा सामान्य ग्राहकांस खुलें झालें, आणि २०२३ पासून विकासकांचेंहि विनामूल्य मिळूं लागलें. दार असें सताड उघडल्यावर मोह कोणास होणार नाहीं? जून २०२४ मध्यें दाखविलेल्या अठराव्या आवृत्तींत पडद्यावरील घड्याळाचे अंक देवनागरींत आणण्याची सोय होती. पक्की आवृत्ति सप्टेंबरांत यावयाची. पण सोलापुरांतील एखाद्या कॉलेजांतल्या मुलास तें नवल जुलैंतच आईच्या फोनवर करून दाखवावेंसें वाटलें, तर त्यास दोष कसा द्यावा? आईसहि कौतुक वाटतें. घोटाळा होतो तो पुढें, जेव्हां मुलगा शिकावयास पुण्यास निघून जातो आणि फोन आईपाशीं राहतो. पडद्यावर अधूनमधून इंग्रजींत कांहीं पाटी येते; आई ती बोटानें बाजूस सारते.

ती पाटी कशाची, हें समजून घेतलें पाहिजे. बीटाच्या पोटांत कर्त्यानें एक तारीख पेरून ठेविलेली असते. यंत्र काळ मोजतें तो सेकंदांच्या हिशेबानें. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले, हा आंकडा बहुतेक संगणकांच्या आणि फोनांच्या घड्याळाचा पाया असतो. तो आंकडा पेरलेल्या तारखेशीं ताडला जातो. ती जवळ आली कीं ‘नवी आवृत्ति घ्या’ अशी सूचना होऊं लागते, आणि ओलांडली कीं प्रणाली काम नाकारूं शकते. यांत कर्त्याचा दुष्टपणा नाहीं. कच्च्या आवृत्तींत सुरक्षेचीं जीं छिद्रें राहून जातात, तीं पक्क्या आवृत्तींत बुजविलीं जातात. कच्चींत मात्र तशींच उघडीं राहतात. असे फोन वर्षानुवर्षें लोकांच्या खिशांत हिंडूं देणें कोणासच परवडणारें नव्हे.

मुदत सरल्याचीं उदाहरणें निरनिराळ्या तऱ्हेचीं आहेत. मायक्रोसॉफ्टनें ‘विंडोज ७’ ह्या संगणकाच्या प्रणालीची चांचणी-आवृत्ति लोकांस फुकट वापरूं दिली होती. १ मार्च २०१० पासून ती घातलेले संगणक दर दोन तासांनीं आपोआप बंद पडूं लागले, आणि १ जून २०१० रोजीं तिची मुदत पुरी झाली. तीन महिने आधींपासून कडी वाजविण्याची ही रीत त्रासाची खरी, पण सौजन्याची म्हणावी लागेल. आयफोनच्या सातव्या आवृत्तीच्या वेळीं इतका अवकाश मिळाला नाहीं. पक्की आवृत्ति १८ सप्टेंबर २०१३ रोजीं निघाली आणि ऑक्टोबरच्या आरंभीं बीटाची मुदत सरली. ज्यांनीं मधल्या दिवसांत पक्की घेतली नव्हती, त्यांचे फोन संगणकास जोडल्यावांचून वळणावर येईनात. ह्याच्या अगदीं उलट प्रकार ३० ऑगस्ट २०१८ रोजीं झाला. बाराव्या आवृत्तीच्या बीटांत तारखेचें गणित चुकलें, आणि मुदत बाकी असतांहि फोन उघडावा तेव्हां ‘नवी आवृत्ति घ्या’ ही पाटी पुढें येऊं लागली. घ्यावयास नवी आवृत्ति तर निघालेलीच नव्हती! दुसऱ्याच दिवशीं दुरुस्त बीटा आलें नि पाट्या थांबल्या. तात्पर्य, पाटी दिसली म्हणून भेदरून जाऊन फोन पुसून टाकण्याचें कारण नाहीं.

प्रथम पाहावें तें हें कीं, फोन अद्यापि उघडतो काय. उघडत असेल तर अर्धें संकट टळलें. फोन चार्जरला लावावा, वाय-फाय जोडावें, आणि प्रथम आंतील मजकुराचा बॅकअप, म्हणजे दुसरी प्रत, करून घ्यावी. मग सेटिंग्जमधील ‘जनरल’ ह्या सदरांत जाऊन ‘सॉफ्टवेअर अपडेट’ पाहावें. पक्की आवृत्ति निघालेली असल्यास ती तेथें दिसते. ती घेतली कीं कच्ची जाते, आणि छायाचित्रें, संदेश, दूरध्वनि-क्रमांक जागच्या जागीं राहतात.

फोन उघडतच नसेल तर संगणक लागतो. अशा वेळीं घाबरलेली मंडळी नवी पेठेंतील एखादें मोबाईलचें दुकान गांठतात, आणि दुकानदार ‘फॉरमॅट मारून देतों’ म्हणतो. तो खोटें बोलत नाहीं. फोन चालूं होतो. परंतु ‘फॉरमॅट मारणें’ म्हणजे पाटी स्वच्छ पुसणें. नातवाच्या बारशाचीं छायाचित्रें आणि जे गेले त्यांचा सांठवून ठेविलेला आवाज ह्यांची दुसरी प्रत कोठें नसेल, तर तीं त्या पुसण्यांतच जातात. म्हणून ‘होय’ म्हणण्यापूर्वीं एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘अपडेट’ करणार कीं ‘रिस्टोअर’?

ह्या दोन शब्दांत सारें भवितव्य सामावलेलें आहे. फोन केबलीनें संगणकास जोडावा. मॅकवर ‘फाइंडर’ आणि विंडोजवर ‘ॲपल डिव्हायसेस’ किंवा ‘आयट्यून्स’ उघडावें. आयफोन ८ व त्यापुढील नमुन्यांत आवाज वाढविण्याचें बटण दाबून लगेच सोडावें, आवाज कमी करण्याचें तसेंच दाबून सोडावें, आणि मग बाजूचें बटण दाबून धरावें. पडद्यावर कंपनीचें सफरचंद दिसलें तरी बोट उचलूं नये. केबल व संगणक यांचें चित्र उमटलें म्हणजे उचलावें. ह्या स्थितीस ‘रिकव्हरी मोड’ म्हणतात. आतां संगणक ते दोन शब्द पुढें करतो. ‘अपडेट’ निवडलें तर आंतील मजकूर न पुसतां प्रणाली नव्यानें बसविण्याचा प्रयत्न होतो. ‘रिस्टोअर’ निवडलें तर सर्व पुसून यंत्र कारखान्यांतून आल्यासारखें होतें. हा दुसरा शब्द मोठा फसवा आहे. ‘पूर्ववत् करणें’ ह्या अर्थानें तो वाचून पुष्कळांस वाटतें कीं, आपलीं हरवलेलीं चित्रें परत येणार. पूर्ववत् होतें तें यंत्र, त्यांतील ठेव नव्हे. म्हणून पहिला यत्न नेहमीं ‘अपडेट’चा करावा, तो फसला तरच दुसऱ्याकडे वळावें. आणखी एक बारीक गोष्ट: नवी प्रणाली उतरवून घेण्यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर फोन ह्या स्थितींतून आपण होऊन बाहेर पडतो. फोन बिघडला असें समजूं नये. उतरवणें पुरें होऊं द्यावें आणि बटणांचा क्रम पुन्हां करावा.

‘रिस्टोअर’ करणें भाग पडलें तर सर्व भिस्त बॅकअपवर. त्यांतहि एक मेख आहे. नव्या आवृत्तींत घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तींत घालतां येत नाहीं. पक्की आवृत्ति निघण्यापूर्वींच बीटास कंटाळून मागें फिरणारास हें फार जाचतें. बीटाच्या काळांत केलेली प्रत त्यास निरुपयोगी ठरते. बीटा घालण्याच्या आदल्या दिवशीं संगणकावर प्रत करून ती राखून ठेविली असेल, तर तीच कामास येते. शिवाय मागें किती फिरावें हेंहि आपल्या हातीं नाहीं, कारण आयफोनमध्यें बसणाऱ्या प्रत्येक आवृत्तीस कंपनीच्या यंत्रांची त्या वेळीं संमति लागते, आणि जुन्या आवृत्तींस ती कांहीं काळानें बंद होते.

कोणी चतुर मनुष्य सुचवितो कीं, घड्याळच मागें न्यावें, म्हणजे मुदत संपणार नाहीं. हा उपाय करूं नये. बँकेपासून टपालापर्यंत सर्व ठिकाणीं ओळख पटविणारीं प्रमाणपत्रें तारखेवर चालतात. घड्याळ खोटें झालें कीं तीं अमान्य होतात. घड्याळाशीं केलेला खेळ अंगाशीं आल्याचें उदाहरणहि आहे. २०१६ च्या फेब्रुवारींत असें आढळलें कीं, त्या वेळच्या नव्या आयफोनांत तारीख १ जानेवारी १९७० अशी लावून फोन पुन्हां सुरू केला तर तो उघडतच नाहीं. कंपनीस पुढील आवृत्तींत तो दोष काढावा लागला.

अँड्रॉइडची तऱ्हा थोडी निराळी. गूगलच्या पिक्सेल फोनांत बीटाच्या यादींतून मध्येंच नांव काढून जुनी पक्की आवृत्ति घेतली, तर फोन संपूर्ण पुसला जातो. बीटाच्या पुढची पक्की आवृत्ति येईपर्यंत धीर धरला, ती घेतली, आणि पुढचें बीटा येण्यापूर्वीं नांव काढलें, तर कांहीं जात नाहीं. येथें धीर हाच उपाय.

फोन पुसून नव्यानें उघडला कीं तो पूर्वीच्या मालकाची ओळख मागतो: आयफोन ॲपल खात्याचा पासवर्ड विचारतो, अँड्रॉइड गूगल खात्याचा. तो पासवर्ड मुलानें घातलेला असतो आणि आईस ठाऊक नसतो, हा अनुभव घरोघरीं यावा. तेव्हां कामास हात घालण्यापूर्वींच पुण्यास विचारून तो कागदावर लिहून घ्यावा. बँकेशीं जोडलेलें सिम कार्ड त्याच फोनमध्यें ठेवावें, कारण यूपीआयची नोंदणी नव्यानें करतांना त्याच क्रमांकावरून संदेश जावा लागतो. सर्व सुरळीत झाल्यावर पुन्हां ‘सॉफ्टवेअर अपडेट’मध्यें जाऊन ‘बीटा अपडेट्स’ हें सदर बंद केलें आहे ना, तें पाहावें. नाहींतर पुढील आवृत्तीचें कच्चें मुद्रित त्याच फोनच्या दारीं पुन्हां येऊन उभें राहील.