नरक्या, धोतरा आणि एका मुलीच्या पेशी

मूल कुठे पडलेलं नसतं, तरी डोळ्यांभोवती काळंनिळं होतं. ते लंगडतं, चिडचिड करतं, पोट चाचपलं की घट्ट गोळा हाताला लागतो. न्यूरोब्लास्टोमा अनेकदा असा समोर येतो. अनुकंपी चेतासंस्थेच्या अपक्व पेशींचा हा कर्करोग बहुतेक वेळा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत सुरू होतो, आणि रुग्ण बहुतांशी पाच वर्षांच्या आतले असतात. काही तान्ह्या बाळांत तो आपोआप विरतो. काही मुलांत निदान होईतो अस्थिमज्जेत शिरलेला असतो.

1970 साली न्यूयॉर्कमध्ये अशाच एका चार वर्षांच्या मुलीच्या अस्थिमज्जेतून पेशी घेतल्या गेल्या. संशोधक जून बीडलर यांनी त्या वाढवल्या. त्यांची एक उपशाखा, एसएच-एसवाय5वाय, आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. कर्करोगाचे अभ्यासक ती वापरतात, तसेच अल्झायमर आणि पार्किन्सनचेही, कारण ती बरीचशी चेतापेशीसारखी वागते.

या पेशींवर असेटिलकोलीन या चेतासंदेश वाहणाऱ्या रसायनाला प्रतिसाद देणारे मस्करिनिक ग्राही असतात. बहुतेक अँटिकोलिनर्जिक औषधं हेच ग्राही अडवतात. धोतऱ्यात सापडणारं अॅट्रोपीन त्यांतलंच. 2003 साली अलाबामातल्या संशोधकांनी या पेशींना कॅम्प्टोथेसिन हे डीएनएला इजा करणारं द्रव्य दिलं. पेशी मरू लागल्या. ग्राही आधीच चेतवले, तर मात्र त्यातल्या पुष्कळ तगल्या.

यावरून स्मृतिभ्रंशाचा अभ्यासक म्हणेल, ग्राही अडवणारी औषधं वृद्धांच्या मेंदूचं संरक्षण काढून घेत असावीत. कर्करोगाचा अभ्यासक म्हणेल, गाठीचं संरक्षण काढायलाच हवं. प्रयोग एकच, अर्थ उलटे. माझ्या मते बशीतल्या पेशींवरून दोघांनीही एवढी लांब उडी घेऊ नये. वृद्धांबाबतची काळजी वेगळ्या पुराव्यावर उभी आहे: 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात 58,769 स्मृतिभ्रंश रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा काही अँटिकोलिनर्जिक औषधांच्या दीर्घ वापराशी या आजाराचा संबंध दिसला. कारण सिद्ध झालं, असं तिथेही म्हणता येत नाही.

कॅम्प्टोथेसिनचा धागा आपल्याकडे येतो. एका चिनी झाडातून ते वेगळं करून 1966 मध्ये त्याची रचना मांडणाऱ्या जोडीतले मनसुख वाणी नंदुरबारचे. दुसरे मन्रो वॉल. सह्याद्रीतल्या नरक्यातही हे द्रव्य सापडतं, आणि त्यापायी ही झाडं बेसुमार तोडली गेली. त्याच द्रव्यापासून बनवलेलं इरिनोटेकॅन न्यूरोब्लास्टोमा उलटल्यावर मुलांना देतात. ते असेटिलकोलीनचं विघटन रोखतं. म्हणून सलाइन चालू असतानाच काहींना घाम फुटतो, लाळ गळते, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात. त्यावर इंजेक्शन देतात ते अॅट्रोपीनचं.

म्हणजे ग्राही चेतवल्याने गाठीच्या पेशी तगतात का, हा बशीत विचारलेला प्रश्न वॉर्डातही उभा आहे. अॅट्रोपीन तिथे मुरडा थांबवायला देतात, गाठ मारायला नव्हे. आईबापांनी ते आशेने मागू नये की भीतीने नाकारू नये. संशोधकांनी मात्र मुलांच्या गाठींवर हे ग्राही किती आहेत ते मोजावं, आणि अॅट्रोपीन मिळालेल्या व न मिळालेल्या मुलांचे केसपेपर, इरिनोटेकॅनची मात्रा जुळवून, शेजारीशेजारी ठेवावेत.